परड्यातलं उटणं: यंदाची लागण, पुढची दिवाळी

मृग तोंडावर आला की ऊस, भात आणि सोयाबीनचे प्रश्न येतात. यंदा त्यांच्यात एक वेगळाच गठ्ठा मिसळलाय: चेहऱ्याला लावायच्या वनस्पतींचा. त्यातले चार प्रश्न घेतो.

पन्हाळा तालुक्यातल्या एका बचत गटाच्या ताई लिहितात: "घरामागं पाच गुंठे परडं आहे. दिवाळीला आमचा गट उटणं करतो, पण सगळं सामान दुकानातून आणतो. यंदा घरचंच लावून दिवाळीला वापरता येईल का?"

ताई, लावा जरूर. पण या दिवाळीला त्यातलं फारसं हाती येणार नाही, हे आधीच सांगतो. आंबेहळद आता लावली तर निघते जानेवारी-फेब्रुवारीत, पाला वाळल्यावर. वाळ्याच्या मुळ्यांना १५ ते १८ महिने लागतात. म्हणजे आंबेहळद पुढच्या दिवाळीला, आणि वाळा पुढच्या वर्षाच्या शेवटी खणून त्याच्यापुढच्या दिवाळीला. यंदा घरची मिळेल ती तुळस, कडुलिंबाचा पाला आणि झाडं आधीपासून असतील तर गुलाबाच्या पाकळ्या. बाकीचं सामान काष्ठौषधीच्या दुकानातूनच आणा. कपूरकाचरी हिमालयाच्या उतारावरची आणि चंदनाचा गाभा भरायला पंधरा-वीस वर्षं लागतात, त्यामुळं ही दोन्ही परड्याच्या हिशोबात धरूच नका.

आंबेहळदीला अर्धा गुंठा पुष्कळ झाला. वीतभर उंच गादीवाफा करा, कुजलेलं शेणखत मिसळा आणि फूट-फूट अंतरावर २५-३० ग्रॅमचे, डोळा असलेले कंद लावा. एवढ्या जागेला बारा-पंधरा किलो बेणं लागतं. नारळ-आंब्याची विरळ सावली चालते, साचलेलं पाणी मात्र चालत नाही. पन्हाळ्याकडच्या पावसात वाफ्यांमधले चर मोकळे ठेवले नाहीत तर कंद कुजतो. उघडा पडलेला कंद मातीनं झाका, तिथंच कंदमाशी अंडी घालते. काढल्यावर खायच्या हळदीसारखी शिजवू नका. धुवायची, बटाट्याच्या काचऱ्यांसारख्या पातळ चकत्या करायच्या आणि सावलीत वाळवायच्या. मोडल्यावर कट्‌ असा आवाज आला की दळायला घ्यायची.

वाळ्याबद्दल माझीच फजिती सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला मी तो घराजवळच्या काळ्या चिकट मातीत लावला होता. खणायला गेलो तर कुदळीला ढेकूळ यायचं आणि मुळ्या तुटून निम्म्या जमिनीतच राहायच्या. वास हाताला, माल मातीत! तेव्हापासून सगळ्यांना एकच सांगतो, खताची रिकामी पोती धुऊन घ्या, वाळू, पोयटा आणि शेणखत भरा, तळाला चार भोकं पाडा आणि एकेका पोत्यात दोन-तीन ठोंब लावा. काढायच्या वेळी पोतं उभं फाडायचं आणि पाण्याचा पाइप धरायचा. माती वाहून जाते आणि मुळ्यांची अख्खी जटा हातात राहते.

आणखी एक गंमत. आपण जन्मभर ज्याच्याशी भांडतो त्या लव्हाळ्याच्या गाठीच उटण्यात मोथा म्हणून पडतात. तो मुद्दाम लावायची दुर्बुद्धी कुणाला होऊ नये! खुरपताना निघालेल्या गाठी धुऊन वाळवा. उसाला तणनाशक मारलेल्या रानातल्या गाठी मात्र घेऊ नका.

पाकळ्या वाळवायची घाई नको. श्रावणात वाळवल्या की हमखास बुरशी धरते. पाऊस ओसरल्यावरची फुलं घ्या, पातळ सुती कापडावर सावलीत पसरा. पूड वस्त्रगाळ करून कोरड्या काचेच्या बरणीत ठेवा आणि पाणी किंवा दूध वापरायच्या वेळीच घाला. बाजारात उरलेला गुलाब स्वस्त मिळतो म्हणून आणू नका, त्याच्यावर काय-काय फवारलंय ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

घरी वापरायला अडचण नाही. गटातर्फे पाकिटं विकायची असतील तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम २०२० लागू होतात. माल भरायच्या आधी अन्न व औषध प्रशासनाकडं परवान्याची चौकशी करा. लेबल छापून झाल्यावर नको.

शिरोळहून एक शेतकरी दादा विचारतात: "एक एकर कोरफड लावा, पाला आम्ही उचलतो असं एकजण सांगतोय. रोपांचे पैसे मात्र आधी मागतोय. लावू का?"

दादा, नको. दोन फूट बाय दीड फुटावर एकरी पंधराएक हजार रोपं बसतात. त्याचा धंदा रोपं विकण्यातच होऊन जातो, पाला उचलायला तो येईलच याची हमी काय? कोरफडीच्या गरात ९८ टक्क्यांच्या वर पाणी असतं. पान कापलं की काही तासांत प्रक्रियेला जायला हवं, नाहीतर गर पातळ होऊन तपकिरी पडतो. हे पाणी ट्रकनं लांब न्यायचं भाडं कोण भरणार? जवळ कारखाना, हातात लेखी करार आणि त्यात दर असेल तरच पुढची बोलणी करा. महापुराचं पाणी चढणाऱ्या रानात तर कोरफड कुजणारच. पूर आणि क्षारपड दोन्ही सोसतो तो वाळा. बांधाला लावायचा तर तो लावा.

घरापुरती दहा रोपं पुरेत. पान कापून पंधरा मिनिटं उभं धरा. कापल्या जागेतून पिवळा चीक ठिबकतो, तो कातडीला झोंबतो. तो गेल्यावर साल काढा, गर धुवा आणि नुसता काचेसारखा भाग वापरा.

गडहिंग्लजहून एका आईचा प्रश्न: "मुलीनं लिंबाचा रस आणि झेंडूच्या पाकळ्या चेहऱ्याला लावल्या. उन्हात गेल्यावर काळे डाग पडले. झाड खराब होतं का?"

झाड चांगलंच आहे. लिंबाचा रस लागलेली कातडी उन्हात भाजते, आणि झेंडूचं तेलही तसंच. क्रीमच्या डब्यावर लिहितात तो कॅलेंड्युला म्हणजे आपला झेंडू नव्हे, वेगळं झाड आहे. उटण्यात बावचीच्या बिया घालत असाल तर त्यांच्याबाबतही हीच काळजी घ्या. मुलीला त्वचारोगतज्ज्ञांकडं न्या. पुढं काहीही नवीन लावताना आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबायचं.

कागलहून शेवटचा प्रश्न: "पाकळ्यांसाठी गावठी गुलाब लावलाय. नवीन पानं वळतात, अरुंद होतात. कीड का रोग?"

आधी शेंडा पांढऱ्या कागदावर झटका. बारीक, लांबट, पिवळसर-तपकिरी किडे पळाले तर फुलकिडे आहेत. ५० ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून गाळा, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी फवारा. किडे नसतील, पान पट्टीसारखं झालं असेल आणि देठ पिळवटला असेल, तर शेजारच्या उसात मारलेलं टू-फोर-डी हे तणनाशक वाऱ्यानं आलंय, नाहीतर तोच पंप नीट न धुता गुलाबाला वापरलाय. त्याला उतारा नाही. वळलेले शेंडे छाटा, पाणी द्या, नवी फूट बघा आणि या हंगामातल्या पाकळ्या चेहऱ्यासाठी घेऊ नका. तरी खात्री पटली नाही, तर दोन फांद्या पिशवीत घालून ऑफिसला घेऊन या. पंपही आणा.