तारण: चर्चमधलं आणि सोनेतारणातलं

एका वाचकाने विचारलंय: "शरणपूर रोडला राहतो. रविवारी चर्चमध्ये 'तारण' गातो आणि बाहेर पडलं की समोर पाटी, 'सोनेतारण कर्ज'. हे दोन्ही तारण एकच का? आणि नव्या वर्शिप साँगमध्ये 'मला तारण मिळालं' म्हणतात ते बरोबर आहे का?"

एकच. बँकेचं नंतर बघू, कारण त्या 'मिळालं'ने माझं डोकं फिरतं. तारण मिळालं, तारण घेतलं, "माझं तारण अमुक साली झालं", अरे ते काय रेशनकार्ड आहे का? मुक्ती, उद्धार हे अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत, ते सोडून देतो. मूळ संस्कृत धातू तॄ, म्हणजे पाणी ओलांडणे, त्यावरून आपण तरतो आणि दुसरा कोणी पलीकडे नेतो तेव्हा तो तारतो. या धातूचं घराणं बघा म्हणजे मजा येईल. होडीला म्हणतात ते तारू, नदीला मिळतो तो उतार, एसटीतला उतारू, अवतार, आणि ज्याच्यावर अख्खं पंचवटी जगतं ते तीर्थसुद्धा! तीर्थ म्हणजे मुळात नदीत उतरायची, ओलांडायची जागा. म्हणजे रामकुंडावर डुबकी मारणारा आणि शरणपूरला तारण गाणारा, दोघांच्या तोंडी एकच पाण्याचा शब्द आहे, हे दोघांनाही सांगून बघा, दोघेही बिचकतील.

आता यावर एका विद्वान काकांनी मला सुनावलंय की तारण हा 'हिंदू' शब्द ख्रिश्चनांनी उसना घेतला, मूळ कल्पनेत पाण्याचा काय संबंध? काकांनी बायबलमधल्या निर्गम पुस्तकाचा 15वा अध्याय उघडावा. इस्राएल लोक समुद्र ओलांडून पलीकडे गेलेत, मागे फारोचं, म्हणजे मिसरच्या राजाचं, सैन्य बुडालंय, आणि काठावर ते गातात की परमेश्वर माझं बळ, माझं गीत, तोच माझं तारण झाला. पाणी, गाणं आणि तारण, तिन्ही एका जागी, आणि हे गीत बायबलमधल्या सगळ्यात जुन्या काव्यात धरलं जातं. शिवाय 'इब्री' (म्हणजे हिब्रू, याच लोकांचं नाव) हा शब्दच ओलांडणे या अर्थाच्या धातूवरून आला असं जुनं मत आहे. अभ्यासकांत त्यावर वाद आहे, असू दे, मला ते मत आवडतं. नवा करार ज्या भाषेत लिहिला त्या ग्रीकमध्ये चित्र वेगळं आहे हे कबूल, तिथलं क्रियापद वाचवणे आणि बरं करणे दोन्हीला चालतं, म्हणून रक्तस्रावाने आजारी असलेल्या बाईला येशू जे म्हणतो तिथे मराठीत 'बरे केले' येतं आणि तेच क्रियापद दुसरीकडे 'तारणे' होतं. पण मराठी माणसाने गायला घेतला तो पाण्याचा शब्द, आणि माणूस प्रवचन मंगळवारपर्यंत विसरतो, गाणं भांडी घासताना पण म्हणतो.

हे काही मी नवीन सांगत नाहीये. चौथ्या शतकात अरियस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या पाळकाने आपलं मत (पुत्र हा निर्मिलेला आहे, पित्याच्या बरोबरीचा नाही) पसरवायला खलाशांसाठी, जात्यावर दळणाऱ्यांसाठी, वाटसरूंसाठी गाणी रचली असं जुने इतिहासकार लिहितात. म्हणजे जात्यावरच्या ओव्यांतून धर्मशास्त्र! 325 साली निकायाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेने त्याचं मत फेटाळलं, तरी वाद पुढे किती दशकं चालला. आपल्याकडे कवी नारायण वामन टिळक, ज्यांची सासुरवाडी नाशिकजवळचं जलालपूर, त्यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, पण अभंग सोडला नाही. तुकारामाच्या पुलावरून ते ख्रिस्ताकडे आले असं म्हणतात. पूल! बघा, इथेही ओलांडणंच.

माझी थेअरी अशी की सगळा खेळ क्रियापदाचा आहे. 'मला तार' म्हणणारा अजून पाण्यात असतो, बाजूचे चार जण पण पाण्यात असतात, म्हणून तो सहज 'आम्हा तारी' म्हणतो. 'मला तारण मिळालं' म्हणणारा काठावर एकटा टॉवेल घेऊन उभा. इंग्रजीवरून घाईत भाषांतर केलेल्या गाण्यांत 'मी, मला, माझं' इतकं येतं की दहा वर्षं गायल्यावर पोरांना मंडळी, म्हणजे चर्चमधला समुदाय, कशाला लागते हेच कळेनासं होतं. याला पाळक जबाबदार नाही, भाषांतर करणारा जबाबदार आहे. एका गिटारवाल्या पोराला हे सांगितलं तर म्हणाला, अंकल, चालीत 'मिळालं'च बसतं. बसतं ना, तोच तर घोळ आहे.

हां, सोनेतारण. काहीजण म्हणतात हा वेगळा शब्द, उच्चाराने योगायोग. मला अजिबात पटत नाही. मराठीत पैसे काय होतात? बुडतात! कर्ज काय करतात? बुडवतात! मग बुडू नये म्हणून सावकाराकडे जे ठेवायचं ते तारणच की. फरक एवढाच की बँकेत तरतात ते सावकाराचे पैसे, आणि तुमच्या बांगड्या सोडवून आणेपर्यंत तिजोरीत पडून राहतात.