पोरी, आधी तो खराटा खाली ठेव

पत्र : ताई, शेजारच्या मामाजींचा कुत्रा रोज पहाटे आमच्याच आंगणात घाण करून जातो. तुराट्यांच्या कुडाला खालून भगदाड आहे, तिथून येतो. मामाजी माझ्या सासऱ्यांच्या वयाचे. मी सून, तोंड वर करून कशी बोलू? यजमान म्हणतात, तंटामुक्ती समितीत अर्ज देतो. मी पाचला उठते, दोन बादल्या पाणी ओतून खराट्यानं सगळं सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) वाफ्याकडे लोटते, मग सडा टाकते. मामाजी सातला शेळ्या सोडायला बाहेर येतात, तोवर माझं आंगण चकाचक असतं. दोन वर्षं झाली, आता जीव विटला. पोट्ट्याच्या पायाला नायटा झालाय, ते वेगळंच.
– एक सून, आर्वी तालुका

पोरी, कुत्रा, मामाजी, समिती, सगळं वाचलं. पण माझी नजर अडली ती तुझ्या दोन बादल्यांवर. गाडगेबाबांच्या मुलखात कुणाला खराटा ठेव म्हणणं जिवावर येतं. तरी सांगते, ठेव.

कुत्र्याच्या पोटात अंकुशकृमी असतात, डॉक्टर त्यांना हुकवर्म म्हणतात. त्यांची अंडी विष्ठेतून पडतात. ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत फुटतात, आणि आठवडाभरात त्यातली अळी उघड्या पायाच्या कातडीतून आत शिरण्याजोगी होते. कोरडी जागा आणि कडक ऊन तिला मारतं. तू काय करतेस? एका जागी पडलेला गोळा पाण्यात कालवून आंगणभर पसरवतेस आणि नेऊन सोडतेस वाफ्यात. शेणखतानं भुसभुशीत झालेला, रोज पाणी मिळणारा, कुडाच्या सावलीतला वाफा! अळ्यांना पाळणा बांधून दिलास तू. शिवाय कुत्र्याच्या गोलकृमीची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात, आणि त्याच मातीतला सांबार तू वरणावर कच्चा चिरून टाकतेस.

म्हणून पोट्ट्याचा नायटा ‘वेगळंच’ नसावा अशी मला शंका आहे. नायटा गोल कडीसारखा पसरतो. कातडीखाली सरकणाऱ्या अळीची रेघ दोऱ्यासारखी, नागमोडी, जराशी उचललेली असते आणि रात्री जास्त खाजते. आज रेघेच्या टोकाशी बॉलपेननं खूण कर आणि उद्या बघ. रेघ खुणेच्या पुढं सरकलेली दिसली तर मेडिकलवाल्याचं मलम बंद कर आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. ‘कुत्र्याच्या घाणीच्या ओल्या मातीत अनवाणी खेळतो’ हे वाक्य डॉक्टरांना आपणहून सांग, कारण ते ऐकल्याशिवाय कोणाच्या लक्षात येत नाही. यावर पोटातून औषध द्यावं लागतं, बहुधा अल्बेंडाझोल. किती आणि किती दिवस, ते वय-वजन पाहून डॉक्टरच ठरवतील. अंगणवाडीत मिळालेली एक गोळी त्यावर पुरी पडेल असं धरून बसू नको.

आता मामाजी. ते सातला दार उघडतात तेव्हा त्यांना काय दिसतं? ओला सडा आणि रांगोळी. दोन वर्षं त्यांच्या कुत्र्याचा पुरावा तू त्यांच्याआधी उठून पुसतेयस आणि वर म्हणतेस, आता जीव विटला. त्यांना कळेल कुठून?

उद्या पाणी ओतू नको. चुलीतली पूर्ण थंड झालेली राख दोन ओंजळी त्यावर टाक. राख ओल शोषते, वास दाबते, माशी बसू देत नाही. वर पालथं टोपलं, त्यावर दगड, म्हणजे कोंबड्या आणि पोट्टं लांब राहतील. बाकीच्या आंगणात खुशाल सडा टाक, तेवढी जागा कोरडी सोड. दोन तासांनी काही बिघडत नाही, अंडी फुटायलाच दिवस जातो. सात वाजता डोक्यावर पदर घे आणि कुडाजवळ जाऊन म्हण, ‘मामाजी, जरा फावडं घेऊन या.’ एवढंच. यजमानांना मधे घालू नको, कारण दोन पुरुष बोलायला लागले की विषय शेताच्या धुऱ्यावर, बांधाच्या भांडणावर जातो.

उचलायचं ते फावडं आडवं घालून, खालच्या बोटभर मातीसकट. नाही तर वास जागेवरच राहतो आणि कुत्रा वासाच्या मागानं पुन्हा तिथंच येतो. तुझं धुणं म्हणूनच फुकट जात होतं. खड्डा मामाजींच्या हद्दीत: दोन फूट रुंद, तीन फूट खोल, विहीर-बोअरपासून निदान पन्नास फूट लांब आणि उंचवट्यावर. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात खड्डे भरून वाहतात, म्हणून काठाला वीतभर बांध हवाच. रोज टाकलं की वर मूठभर राख, थोडी माती, आणि फरशीचं झाकण. फूटभर उरला की बुजवून दुसरा खणायचा. उकिरड्यावर टाकू देऊ नको. ढिगाच्या पोटातली ऊब कडेपर्यंत पोचत नाही, कोंबड्या उकरतात, आणि ते खत फिरून वाफ्यातच येतं.

मामाजी म्हणतील, ‘मुकं जनावर हाय, त्याले काय समजते?’ तेव्हा आंगणाचं नाव काढू नको, शेळ्यांचं काढ. कापलेल्या शेळी-मेंढीचं कच्चं डोकं कुत्र्यानं खाल्लं की त्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढू शकतो. त्याची अंडी विष्ठेतून चाऱ्यावर पडतात. तो चारा खाल्लेल्या शेळीच्या मेंदूत पाण्याचा फोड होतो, मग ती मान वाकडी करून एकाच बाजूला गोल फिरत राहते. शेळ्या पाळणाऱ्याला हे पुन्हा सांगावं लागत नाही. कुत्र्याला दर तीन महिन्यांनी जंताची गोळी हवी, आणि तिच्यात प्राझिक्वांटेल हवं, म्हणजे पट्टकृमीही मरतो. अशा गोळ्यांचं नेहमीचं प्रमाण दहा किलोला एक. तरी गोळी पशुवैद्यकीय दवाखान्यातून विचारूनच आणावी. वजन भुसाराच्या काट्यावर होतं: मामाजी एकटे उभे राहतील, मग कुत्रा उचलून, आणि वजाबाकी करायची.

तो सांबार उपटून टाक. त्या वाफ्याचं पाणी तोड आणि उन्हाळाभर तापू दे. पुढं तिथं वांगी लाव, ती शिजल्याशिवाय कोणी खात नाही. नवा वाफा कुडापासून लांब कर. भगदाडाला तारेची जाळी लाव, खालून अर्धा फूट पुरून, नाही तर दोन दिवसांत उकरतो. पोट्ट्याला आंगणातही चप्पल.

अर्ज यजमानांच्या खिशातच राहू दे. चुलीतली राख आज रात्रीच काढून पसरून ठेव, पहाटेपर्यंत आत इस्तव राहायला नको. आणि मामाजी फावडं विसरून आले तर त्यांना परत पाठव, तुझं देऊ नको.