'आमेन' म्हणजे 'तथास्तु' नव्हे

प्रश्न: चर्चमध्ये उपदेश संपला की मंडळी 'आमेन' म्हणते. हे आपले 'तथास्तु'च ना? आणि ख्रिस्ती उपदेशात 'सत्य' शब्दावर एवढा भर का?

नव्हे. हे समीकरण इतक्यांदा कानावर येते की आता राहवत नाही. 'तथास्तु' म्हणतो तो देणारा: देव, ऋषी, फार तर वास्तू. मागणाऱ्याने कधी 'तथास्तु' म्हटले आहे का? 'आमेन' मात्र ऐकणाऱ्याच्या तोंडी असते. प्रार्थनेअखेरचा 'तसे होवो' हा अर्थ सर्वांना ठाऊक आहे, तो सोडून देतो.

शब्द हिब्रू. धातू अ-म-न, म्हणजे पक्के असणे, विसंबता येण्याजोगे असणे. 'एमेत' म्हणजे सत्य, 'एमुना' म्हणजे निष्ठा, ही त्याचीच भावंडे. मूल सांभाळणारी ती 'ओमेनेत'. बायबलातल्या रूथच्या गोष्टीत तिचे बाळ तिची सासू नामी उराशी धरते, तिथे हाच शब्द आहे. आणि खरी मौज पुढेच! हाच धातू अरबीत आहे आणि फारसीच्या वाटेने तो आपल्या घरात येऊन बसला आहे: इमान, अमानत, अमीन. इमानेइतबारे चाकरी करणारा गडी आणि 'आमेन' म्हणणारी मंडळी एकाच धातूचे शब्द वापरतात. म्हणून 'आमेन'ला मराठीत जवळचा शब्द हवा असेल तर 'तथास्तु'पेक्षा 'हे खरे, यावर माझे इमान' असे म्हणा.

इ.स. 150च्या सुमारास रोममध्ये लिहिणारा ख्रिस्ती लेखक जस्टिन 'आमेन' म्हणजे 'तसे होवो' असे सांगतो. जुन्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या हिब्रू भागाच्या, ग्रीक भाषांतरकारांनीही बहुतेक ठिकाणी तसेच केले. प्रार्थनेअखेर ते ठीक, पण सगळीकडे तोच अर्थ लावणे मला मुळीच पटत नाही. त्याच करारातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 65व्या अध्यायात 'आमेनचा देव' असे शब्द आहेत. तिथे 'तसे होवोचा देव' कसा लावणार? याच भाषांतराला तिथे 'सत्य देव' म्हणावे लागले. लूकने तर आपल्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, तीनदा 'आमेन'च्या जागी सरळ 'खरोखर' असा ग्रीक शब्द घातला आहे.

सत्यावरचा भर यातूनच येतो. उपदेश करणाऱ्याने बोलायचे आणि ऐकणाऱ्यांनी ते खरे म्हणून उचलून धरायचे, अशी ही जोडी आहे. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 14व्या अध्यायात येशूचा प्रेषित पौल विचारतो, तुझे बोलणे ज्याला कळलेच नाही तो 'आमेन' कसे म्हणेल? अनोळखी भाषेतल्या दहा हजार शब्दांपेक्षा समजणारे पाच शब्द बरे, असे तो तिथेच म्हणतो. कळलेच नाही, तर खरे की खोटे हे कोण ठरवणार?

येशूने तर हा शब्द शेवटी ठेवण्याऐवजी बोलण्याच्या आरंभी आणला. योहानाच्या शुभवर्तमानात तो 25 वेळा जोडीने येतो: 'आमेन, आमेन, मी तुम्हांला सांगतो.' मराठी बायबलात इथे 'खचीत खचीत' आहे आणि त्या भाषांतरकारांवर माझा फार जीव आहे. हा 'खचीत' आणि रत्नखचितातला 'खचित' एकच, असे माझे ठाम मत आहे. कोंदणात घट्ट बसवलेला खडा, जो हलत नाही. हिब्रू धातूतही तोच पक्केपणा आहे.