शिगमो संपला की सुरू झाला?

प्रश्न : माझं माहेर पुण्याचं, सासर डिचोली तालुक्यातलं, आम्ही राहतो पणजीत. शेजारच्या काकू म्हणतात, त्यांच्या गावचा शिगमो, म्हणजे गोव्यातला शिमगा, पुनवेला संपला. सासूबाई म्हणतात, पुनवेलाच सुरू होतो. नऊ वर्षांच्या मुलाला तर चित्ररथांची मिरवणूक म्हणजेच शिगमो वाटतो. त्याला काय सांगू? – एक वाचक

उत्तर : ताई, दोघींचंही खरं आहे. तिसवाडी, बारदेस, सासष्टी या जुन्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागात, बहुतेक ठिकाणी धाकटो शिगमो. तो फाल्गुन पौर्णिमेच्या चार-पाच दिवस आधी सुरू होतो आणि पौर्णिमेला आटोपतो. डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा या नव्या, म्हणजे नंतर जिंकलेल्या काबिजादीत व्हडलो (थोरला) शिगमो, तो पौर्णिमेपासून पुढे. त्यातही गावागावाचा दिवस निराळा, कारण शिगमो मांडाचा असतो. गावानं ठरवून दिलेली ती जागा. तिथं दिवा लागतो, नमन होतं, मगच ढोल-ताशे आणि कासाळं (मोठ्या झांजा) वाजतात. होळीसुद्धा आमच्या कित्येक गावांत पेटवत नाहीत, 'घालतात'. आंब्याचं किंवा पोफळीचं झाड वाजतगाजत आणून उभं करतात.

माझे काका घोडेमोडणीत, म्हणजे शिगम्यातल्या घोड्यांच्या नाचात, घोडा नाचवायचे. लाकडी तोंडाचा, बांबूच्या सांगाड्याचा तो घोडा कमरेला बांधायचा, अंगावर पांढरे कपडे, फुलांच्या माळा, पायांत घुंगरं, हातात उपसलेली तलवार. रात्री घरी आले की कमरेवर दोरीचे लाल वळ दिसायचे. आजी खोबरेल कोमट करून लावायची. काका त्या दिवसांत मांस-मासे शिवत नसत, पायांत चप्पल घालत नसत. घोडा अंगावर घेणं हे त्यांच्यासाठी देवकार्य होतं, आणि ते आमच्या घराकडे आहे याचा मला आजही अभिमान आहे.

चित्ररथांच्या मिरवणुकीत रोमटं (ढोल-ताशे वाजवत, नाचत जाणारे मेळ), गोफ, फुगडी सगळं एका रस्त्यावर बघायला मिळतं. मुलाला जरूर न्या. पण तिथं तो बघ्या असतो. गावात रोमट 'ओस्सय, ओस्सय' करत आपल्याच दारात येतं. तेव्हा तो घरचा असतो.

म्हणून सासूबाईंना विचारा, गावची घोडेमोडणी कधी आहे, आणि शाळेला एक दिवस सुट्टी घ्या. मांडाजवळ चपला काढायला सांगा. रोमट अंगणात आलं की तांदूळ-नारळाचं ताट त्याच्याच हाती द्या. जड असतं, एका बाजूनं तुम्ही धरा.