‘सायटोकाइन स्टॉर्म’ला मराठीत काय म्हणावं?

एका वाचक ताईंनी विचारलंय: एप्रिल २०२१ मध्ये त्यांचे वडील कोविडने अत्यवस्थ होते, त्यातून वाचले. डिस्चार्ज कार्डावर ‘सायटोकाइन स्टॉर्म’ असं लिहिलंय. त्याचं मराठी त्यांनी कुठेतरी ‘पेशीद्रव्य वादळ’ असं वाचलं. ते बरोबर आहे का? आणि आईला समजावताना ‘बाबांची प्रतिकारशक्ती जरा जास्तच होती’ असं सांगितलं तर चालेल का?

‘पेशीद्रव्य’ साफ चूक. शाळेच्या पुस्तकात पेशीद्रव्य म्हणजे सायटोप्लाझम, पेशीच्या आतला द्रव. सायटोकाइन ही वेगळी चीज आहे. एका पेशीने दुसरीला सांगावा धाडावा, तशी ही छोटी प्रथिनं. ‘इकडे या’, ‘सूज आणा’, ‘ताप वाढवा’, ‘आता पुरे’ असे निरोप ती पोचवतात. नाव ग्रीक आहे: ‘कीटोस’ म्हणजे भांडं, आता पेशी, आणि ‘किनेसिस’ म्हणजे हालचाल. मराठीत सायटोकाइनच राहू द्यावं. इन्सुलिनला आपण कुठे प्रतिशब्द शोधला?

आता वादळ. हा शब्दप्रयोग कोविडच्या आधीचा आहे. १९९३ मध्ये तो अस्थिमज्जा रोपणाच्या संदर्भात वापरला गेला, जिथे दात्याच्या पेशी रुग्णाच्याच शरीरावर उलटतात. कोविडच्या बाबतीत मात्र २०२० मध्येच काही संशोधकांनी या नावाला हरकत घेतली. कर्करोगावर टी-पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) देऊन करतात त्या उपचारांत इंटरल्युकिन-६ हे सायटोकाइन जितकं चढतं, त्या मानाने गंभीर कोविडमध्ये ते पुष्कळ कमी आढळत होतं. म्हणजे ‘स्टॉर्म’ इंग्रजीतही वादातीत नाही.

मला भाषेच्या अंगानेही वादळ खटकतं. वादळ बाहेरून येतं. इथे जे होतं ते घरातूनच, आणि चांगल्या हेतूने. कोकणात पावसाळ्याआधी भाजावळ करतात. भाताच्या रोपासाठी जिथे तरवा टाकायचा, त्या तुकड्यावर शेण, टाळ (झाडाच्या तोडलेल्या फांद्या), पालापाचोळा, वर माती असे थर देऊन राब पेटवतात. वारा बघतात, कडेने गवत काढून घेतात, कुणीतरी हिरवा डहाळा घेऊन उभं राहतं. ती आग हवीच असते. पण ती बांध ओलांडून डोंगराला लागली की तिचं नाव बदलतं, तिला वणवा म्हणतात. आग तीच, आवरणारं कुणी उरलेलं नसतं. ‘इन्फ्लमेशन’ला आपला शब्द ‘दाह’ आहे. त्या लॅटिन शब्दातही ज्वाळाच आहे आणि आपल्या ‘दह्’ धातूतही जळणंच आहे. मग वादळ कशाला? ‘दाहाचा वणवा’ म्हणा. त्याहून साधं, ‘दाह अनावर झाला’ म्हणा. राग अनावर होतो, रडू अनावर होतं, तसाच दाह.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. ‘प्रतिकारशक्ती जास्त होती’ असं सांगू नका, कारण ते खरं नाही. गंभीर कोविडमध्ये पुष्कळदा प्रतिकाराचा एक भाग उशिरा जागा होतो. विषाणू शिरल्यावर पहिला गजर इंटरफेरॉन नावाची सायटोकाइनं देतात. १९५७ मध्ये त्यांना हे नाव मिळालं ते विषाणूच्या ‘आड येणारे’ म्हणून. कोरोना विषाणू नेमका हाच गजर दाबतो. २०२० मधल्या एका मोठ्या अभ्यासात दर १० अत्यवस्थ रुग्णांमागे साधारण एकाच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडं सापडली. सुरुवातीचे दिवस असे हातचे जातात. मग साधारण दुसऱ्या आठवड्यात दाह भडकतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी लिम्फोसाइट घटतात, न्यूट्रोफिल वाढतात, फुप्फुसाच्या वायुकोशांत पाणी भरतं, बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. दाह किती ते सांगणारे सीआरपी आणि फेरिटिन, गुठळ्यांचा अंदाज देणारा डी-डायमर, रक्तचाचण्यांचे हे आकडे त्या एप्रिलात घराघरांत पाठ झाले होते. माझ्या काकांचा सीआरपी रोज संध्याकाळी फोनवर यायचा आणि आम्ही आकडा ऐकून मगच जेवायला बसायचो.

एकीकडे कमी, दुसरीकडे जास्त, आणि सगळं भलत्या वेळी. ‘शक्ती’ या शब्दात हे मावत नाही. शक्ती म्हटलं की ती वाढवायची, एवढंच डोक्यात येतं. मूळ लॅटिन ‘इम्युनिस’मध्ये शक्ती नाहीच. त्याचा अर्थ सरकारी वेठ किंवा कर माफ असलेला, आपल्या सारामाफीसारखा. मी स्वतः ‘प्रतिकारयंत्रणा’ म्हणते. यंत्रणा बिघडते, उशिरा हलते, थांबवता थांबत नाही, हे सगळं त्या शब्दाबरोबर सहज बोलता येतं.

उपचारही याच भाषेत नीट कळतात. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीत डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टेरॉइड दिल्यावर व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र फायदा झाला नाही. स्टेरॉइड हे प्रतिकारालाच आवर घालतं. ‘शक्ती’ हाच शब्द धरून बसलं तर डॉक्टरांनी ती कमी का केली, हे आईंना कोडंच वाटेल. हा आवर घालण्याचा धोकाही आपण पाहिला. २०२१ मध्ये महाराष्ट्रात काळी बुरशी पसरली, त्यात मधुमेह आणि स्टेरॉइडचा वापर ही मोठी कारणं होती.

तेव्हा ताई, आईंना असं सांगा: ‘बाबांच्या शरीराला विषाणूची चाहूल उशिरा लागली आणि मग दाह अनावर झाला. डॉक्टरांनी तो आवरला.’ कार्डावरच्या दोन इंग्रजी शब्दांचं मराठी मी एवढंच करेन.