वाहनांच्या जाळ्यात एकच संदेश अनेकांना सुरक्षितपणे आणि कमी भारात कसा पोहोचवावा?

आपण इंदूरमध्येच या विषयावर प्रबंध लिहीत आहात, तेव्हा एकदा संध्याकाळी पलासिया चौकात उभे राहून पाहावे. वाहनांच्या जाळ्यात वाहने एकमेकांना बिनतारी संदेश पाठवतात. सिग्नलला थांबलेल्या १०० वाहनांपैकी प्रत्येकाने सेकंदाला १० सुरक्षा-संदेश (अपघात टाळण्यासाठीचे संदेश) पाठवले, तर प्रत्येक वाहनाला सेकंदाला सुमारे १,००० डिजिटल स्वाक्षऱ्या (संदेश अधिकृत वाहनाकडूनच आला आणि वाटेत बदलला नाही याची खूण) पडताळाव्या लागतील, आणि माझ्या मते खरी अडचण इथेच आहे. अचानक ब्रेक लागल्याचा संदेश सर्वांना वाचता आलाच पाहिजे, म्हणून तो गुप्त ठेवत नाहीत. त्यावर केवळ डिजिटल स्वाक्षरी असते, आणि वाहनाचा माग काढता येऊ नये यासाठी टोपणनावाची प्रमाणपत्रे (खरी ओळख न सांगता वाहन अधिकृत असल्याचे दाखवणारी) वरचेवर बदलली जातात.

ठरावीक गटापुरत्या माहितीचे, उदाहरणार्थ रुग्णवाहिकांना कळवायच्या मार्गाचे, गणित वेगळे आहे. मल्टिकास्टमध्ये, म्हणजे एकच संदेश ठरावीक गटाला पाठवण्याच्या पद्धतीत, प्रेषक एकच प्रत पाठवतो आणि जिथे वाटा फुटतात तिथेच तिच्या प्रती होतात. मात्र असा संदेश गुप्त ठेवण्यासाठी गटाची सामायिक किल्ली (तो वाचण्यासाठी सर्व सदस्यांकडे असलेला गुप्त संकेत) वापरतात, आणि एक सदस्य बाहेर पडला की ती बदलावी लागते. १,०२४ सदस्यांच्या गटात उरलेल्यांना ती एकेकट्याने द्यायची तर १,०२३ संदेश लागतात. किल्ल्यांची द्विशाखी वृक्षरचना केली, म्हणजे गटाचे टप्प्याटप्प्याने दोन-दोन भाग पाडून प्रत्येक भागाला स्वतःची किल्ली दिली, तर साधारण २० पुरतात.

रस्त्यावर वाहने सतत येत-जात असल्यामुळे काही सेकंदांतले बदल एकत्र करून किल्ली एकदाच बदलणे मला अधिक व्यवहार्य वाटते. तेवढा वेळ बाहेर पडलेल्या वाहनालाही संदेश वाचता येतात, आणि ही मर्यादा प्रबंधात स्पष्टपणे मांडावी.