वाचकांचे प्रश्न : ट्रायथलॉनची तयारी, नाशिकमधून

मागच्या अंकात ट्रायथलॉनबद्दल प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रं १.९ कि.मी. पोहणं, ९० कि.मी. सायकल आणि २१.१ कि.मी. पळणं या अंतराच्या गोव्यातल्या स्पर्धेविषयी आहेत. पोहण्याचे प्रशिक्षक, सायकल मेकॅनिक आणि क्रीडा आहारतज्ज्ञ यांनी मिळून उत्तरं दिली आहेत.

तलावात मी सलग २ कि.मी. पोहतो. समुद्रात मात्र २०० मीटरवरच धाप लागली, छाती आवळल्यासारखी झाली आणि परत फिरलो. फिटनेस कमी पडला का?
– वाचक, कॉलेज रोड

फिटनेस कमी असता तर तलावातले २ कि.मी. झाले नसते. बिनसलं ते श्वासाचं. अंगाला अंग घासणारी गर्दी, खारं पाणी, खाली तळ दिसत नाही. अशा वेळी माणूस पाण्यात तोंड असताना नकळत श्वास रोखून धरतो. मग मान वळवली की तेवढ्या अर्ध्या सेकंदात आधी हवा सोडायची आणि मग घ्यायची, अशी दोन्ही कामं करावी लागतात. दोन्ही अर्धवट होतात, कार्बन डायऑक्साइड साचत जातो आणि हवा मिळत नसल्याची भावना होते. त्या भीतीने हात आणखी जोरात चालतात आणि धाप वाढते.

तलावातच याची सवय करा. तोंड पाण्यात असेपर्यंत नाकातोंडातून बुडबुडे सतत चालू राहिले पाहिजेत. एकाच लेनमध्ये तिघांनी खांद्याला खांदा लावून ५० मीटर पोहा, धक्के लागू द्या. भिंतीला पाय न लावता, दोन मीटर आधीच वळून परत फिरा. समुद्रात टेकायला भिंत नसते. टोकाच्या कठड्यावर लाल टॉवेल टाकून ठेवा आणि दर आठ हातांनी त्याच्याकडे बघा. बघताना फक्त डोळे पाण्यावर यावेत, श्वास नेहमीसारखा बाजूला घ्यावा. अख्खं डोकं वर काढलं की कंबर आणि पाय खाली जातात, आणि तिथेच दम संपतो.

स्पर्धेच्या सकाळी पाच मिनिटं पाण्यात उतरून अंग भिजवता आलं तर जरूर उतरा. सुरुवातीला मागे किंवा कडेला उभे राहा. पहिले २०० मीटर मुद्दाम संथ. तरीही छाती आवळली तर पाठीवर वळा आणि दहा श्वास मोजा, प्रत्येक श्वास सोडताना लांबवा. ब्रेस्टस्ट्रोक चालतो. कयाक (मदतीसाठी फिरणारी छोटी होडी) धरून थांबणंही नियमात बसतं, फक्त ती धरून पुढे सरकायचं नाही. मात्र छातीत दुखणं, खोकल्याबरोबर फेस येणं, थांबूनही दम न बसणं यांपैकी काही झालं तर हात वर करा आणि बाहेर या, तिथे स्पर्धा संपली. चाळिशी ओलांडलेल्यांनी नाव नोंदवण्याआधी हृदयाची तपासणी करून घ्यावी, हे आम्ही आग्रहाने सांगतो.

वेळेची घाई करू नका. या अंतराला पोहण्याची मर्यादा सहसा १ तास १० मिनिटं असते, म्हणजे १०० मीटरला साधारण ३ मिनिटं ४० सेकंद. २ मिनिटं ५० सेकंदांनी गेलात तरी ५४ मिनिटांत बाहेर याल. तिरकं पोहून १००-२०० मीटर वाढले तरी हाताशी वेळ उरतो.

मुलगा सतरा वर्षांचा आहे. सरावासाठी मित्रांबरोबर गंगापूर धरणात पोहायला जातो म्हणतो. जाऊ द्यावं का?
– एक आई, गंगापूर रोड

नाही. ते शहराच्या पिण्याच्या पाण्याचं धरण आहे. परवानगीशिवाय तिथे उतरणं योग्य नाही. त्यापलीकडे धोका असा की काठाजवळचा गाळ पाय धरतो, उतार अचानक तुटतो, आणि कोणी दमलं तर जवळ बोट नसते. कमरेला बांधायचा नारिंगी फुगा लांबून दिसण्यासाठी असतो, तो लाइफ जॅकेटचं काम करत नाही. चांगला पोहणारा मित्रही घाबरलेल्या माणसाच्या मिठीत बुडतो.

वर सांगितलेला सगळा सराव महापालिकेच्या सावरकर जलतरण तलावात होतो. खुल्या पाण्याचा अनुभव हवा असेल तर मालवणच्या चिवला किनाऱ्यावर डिसेंबरच्या सुमारास सागरी जलतरण स्पर्धा होते. तिथलं छोटं अंतर त्याला पोहू द्या, तुम्हीही सोबत जा.

माझ्याकडे हायब्रिड सायकल आहे. लाखाची रोड बाइक घेतल्याशिवाय भाग घेता येणार नाही का?
– वाचक, सिडको

येईल. पहिल्या स्पर्धेसाठी तर हायब्रिडच वापरा. जाड खाचांचे टायर काढून गुळगुळीत ३२ मि.मी.चे घाला (रिमला बसतात का ते दुकानात बघून घ्या), चेन साफ करून तेल द्या, ब्रेक पॅड बदला. हँडलच्या दोन्ही टोकांना बूच हवीतच. उघड्या नळीने पडल्यावर खोल जखम होते म्हणून तपासणीत सायकल तिथेच अडवतात. पैसे उरले तर सीटची उंची आणि हँडलचं अंतर जाणकाराकडून बसवून घ्या. तीन-साडेतीन तास बसायचं आहे.

त्र्यंबक रोडवर पंक्चर झालं, नवी ट्यूब टाकली आणि अर्ध्या किलोमीटरवर तीही बसली. ट्यूब खराब निघाली का?
– वाचक, सातपूर

ट्यूब बहुधा चांगलीच होती, काटा टायरमध्येच राहिला. आपल्याकडच्या रस्त्यांच्या कडेला बाभळी भरपूर. काट्याचं बाहेरचं टोक मोडून पडतं आणि दोन-तीन मिलिमीटरचं टोक रबरात रुतून बसतं. टायर बाहेरून पाहिला तर दिसतो फक्त एक काळा ठिपका. हवा भरेपर्यंत काही होत नाही, हवा भरून तुम्ही बसलात की ते टोक पुन्हा आत येतं.

म्हणून ट्यूब बाहेर काढताना ती टायरच्या तुलनेत कशी होती ते लक्षात ठेवा. थोडी हवा भरून भोक कुठे आहे ते पाहा आणि टायरवर नेमकी तीच जागा शोधा. आतून बोट फिरवू नका, कापेल. कापडाचा तुकडा किंवा जुना मोजा फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे काटा. तो आतून बाहेर ढकला किंवा छोट्या चिमट्याने ओढा. एक सापडला तरी पूर्ण चक्कर फिरवा, दुसराही असतो. भोकं दोन असतील, शेजारी-शेजारी, साप चावल्यासारखी, तर काट्याचा दोष नाही. हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटली. साधारण ७० किलो वजनाला २८ मि.मी.च्या टायरमध्ये ७५ ते ८० पीएसआय पुरेत, मागे थोडी जास्त.

नवी ट्यूब घालताना आधी तिला गोल येईल एवढीच हवा भरा. शेवटची कडा अंगठ्याने बसवा, टायर काढायच्या लिव्हरने ढकलली तर तिथेच ट्यूब फाटते. जोरात हवा भरण्याआधी दोन्ही बाजूंनी कडा दाबून ट्यूब कुठे रिमखाली डोकावत नाही ना, ते पूर्ण फिरवून पाहा. मागचं चाक असेल तर काढण्याआधी चेन सगळ्यात लहान चकतीवर आणायची. जवळ दोन ट्यूब, दोन लिव्हर, छोटा पंप आणि झटपट हवा भरायला १६ ग्रॅमचं एक सीओटू कार्ट्रिज ठेवा. घरी एवढा सराव करा की आठ मिनिटांत काम उरकेल.

९० कि.मी. सायकल ३ तासांत मारली, मित्रांपेक्षा १० मिनिटं आधी. पण पळताना सहाव्या किलोमीटरपासून चालतच गेलो. पळण्याचा सराव वाढवू का?
– वाचक, इंदिरानगर

आधी सायकल हळू करा. हा प्रश्न नाशिकमधून सगळ्यात जास्त आला आणि त्याचं कारणही नाशिकमध्येच आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करण्याची सायकल शर्यत पूर्ण केली, त्या सुमारापासून इथे सायकलिंगचं वेड खूप वाढलं. ते चांगलंच आहे. पण त्यामुळे आपले बरेच जण ट्रायथलॉनला सायकलच्या दाराने येतात आणि सायकलवरच सगळी ताकद ओततात.

हिशेब करून पाहा. सहा कि.मी.नंतर उरलेले १५ कि.मी. तुम्ही चाललात. चालण्याचा वेग किलोमीटरला साडेनऊ मिनिटं आणि संथ पळण्याचा सात मिनिटं धरला, तर ३७ मिनिटं गेली. सायकलवर कमावलेली १० मिनिटं त्यात कधीच बुडाली.

पॉवर मीटर (पेडलवर लावलेली ताकद मोजणारं उपकरण) असेल तर एक तास जीव तोडून टिकवता येणाऱ्या पॉवरच्या ७० ते ७५ टक्क्यांवर राहा. तो नसेल तर हृदयाचे ठोके: तासभराच्या पूर्ण जोरात सरासरी १६५ येत असेल, तर स्पर्धेत १३५ ते १४५. घड्याळही नसेल तर एक कसोटी पुरते, पूर्ण वाक्य न तोडता बोलता आलं पाहिजे. चढावर उभं राहून कोणाला गाठायला जाऊ नका. त्र्यंबक रोडवरच्या सरासरी वेगावरून स्वतःला जोखू नका. जाताना हळूहळू चढ, येताना उतार, वाऱ्याने आणखी फरक.

दुसरं, सायकलवरून उतरून लगेच पळण्याचा सराव, ज्याला ब्रिक म्हणतात. आठवड्यातून एकदा, ४०-६० कि.मी. सायकलनंतर पाच मिनिटांच्या आत बूट बदलून २० मिनिटं पळा. मांड्यांचे पुढचे स्नायू तीन तास आखडलेले असतात, त्यामुळे पहिले एक-दोन कि.मी. पाय परक्याचे वाटतात आणि वेगाचा अंदाज चुकतो. तुम्हाला हळू वाटतं, घड्याळ भलताच वेग दाखवतं. सायकलचे शेवटचे दोन कि.मी. हलक्या गिअरमध्ये, मिनिटाला ८५-९० फेरे मारत या. आणि तिसरं कारण पुढच्या उत्तरात आहे.

पाकिटातल्या एनर्जी जेलने मळमळतं आणि ती महागही पडतात. घरचं काही चालेल का?
– वाचिका, पंचवटी

चालेल, पण मोजून. या अंतराला सायकलवर तासाला निदान ४५ ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. ७५० मिली पाण्यात ४५ ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ आणि लिंबू. ही बाटली तासाभरात घोट-घोट संपवायची. सोबत अर्धं केळं, म्हणजे आणखी १२ ग्रॅम. किंवा आपल्याकडच्या मनुका: ३० ग्रॅममध्ये साधारण २३ ग्रॅम कर्बोदकं. पण एका वेळी मूठभर नको. दर पंधरा मिनिटांनी सात-आठ, नाहीतर पोटात गॅस धरतो. मीठ लावलेला उकडलेला बटाटा उत्तम, १०० ग्रॅमला २० ग्रॅम. शेंगदाण्याची चिक्की नको, त्यातली चरबी पोटात रेंगाळते. राजगिऱ्याची वडी चालेल.

पुष्कळ जण नुसत्या ओआरएसवर विसंबतात. त्याने क्षार भरपूर मिळतात, पण लिटरभर पाण्यात ग्लुकोज जेमतेम १३.५ ग्रॅम. तेवढ्याने तासाची गरज भागत नाही आणि पळताना पाय रिकामे होतात. उलट नुसतं साधं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम घटतं. डोकं दुखणं, हातावरची अंगठी घट्ट होणं, गोंधळल्यासारखं वाटणं ही लक्षणं दिसली तर पाणी पिणं थांबवून वैद्यकीय तंबू गाठा.

जेलची मळमळ बहुतेकदा पाणी न पिता घेतल्याने किंवा वेग जास्त असल्याने होते. जोर वाढला की रक्त आतड्याकडून पायांकडे जातं आणि पोटात गेलेलं तसंच राहतं. पोटालाही सवय लागते. सहा-आठ आठवडे आधीपासून लांबच्या प्रत्येक राइडवर हेच खा. स्पर्धेच्या पहाटे, सुरुवातीच्या तीन तास आधी, कमी तेलाचे पोहे किंवा गूळ-भाकरी. साबुदाण्याची खिचडी नको. साबुदाण्याचा दोष नाही, कूट आणि तूप जड पडतं.

नाशिकच्या हवेत छान पळते. गोव्यात काय फरक पडेल?
– वाचिका, नाशिकरोड

मोठा. आपली हवा कोरडी, घाम वाळतो आणि अंग थंड होतं. गोव्यात घाम वाळतच नाही, नुसता ओघळतो. दहा ते चौदा दिवस आधीपासून रोज ४५ मिनिटं ते तासभर, अकराच्या उन्हात, अगदी संथ पळा. चक्कर आली तर लगेच थांबा. घामाचं मापही घ्या: पळण्याआधी आणि नंतर अंग पुसून वजन करा. तासात १ किलो घटलं आणि मध्ये अर्धा लिटर प्यायला असाल, तर घाम दीड लिटर. तेवढं सगळं भरून काढता येत नाही, तासाला ५०० ते ७५० मिली पचतं, म्हणून उरलेला तोटा वेग कमी करून सांभाळायचा. नाशिकच्या वेगापेक्षा किलोमीटरला २०-३० सेकंद हळू निघा. वाटेतल्या प्रत्येक पाण्याच्या स्टेशनवर टोपीत बर्फ.

पाळी नेमकी त्याच दिवशी आली तर?
– वाचिका, म्हसरूळ

भाग घ्यायला हरकत नाही. मेन्स्ट्रुअल कप किंवा टॅम्पॉन निदान दोन महिने आधी वापरून, पोहून आणि तीन तास सायकल चालवून पाहा. पाळी लांबवण्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. मांड्या, काखा आणि मानेला व्हॅसलीन सगळ्यांनीच लावावं, मीठ आणि घामाने कातडं सोलवटतं.

सायकल गोव्याला कशी न्यायची?
– वाचक, पाथर्डी फाटा

गाडीतून नेत असाल तर मागचा डेरेल्युअर (गिअर बदलणारा भाग) वरच्या बाजूला राहील अशी ठेवा. बॉक्समध्ये भरायची तर सीटपोस्ट काढण्याआधी उंचीवर टेप चिकटवा. पेडल काढताना डावं उलट्या आट्याचं असतं, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सुटतं. पोचल्यावर सायकल जमा करण्याआधी १० कि.मी. चालवा आणि सगळे गिअर एकेक करून बदला. मागच्या मोठ्या चकतीवर चेन खडखडली तर बहुधा हँगर, म्हणजे डेरेल्युअर ज्याला लटकतो तो धातूचा तुकडा, वाकलाय. तसाच सगळ्यात हलका गिअर टाकलात तर डेरेल्युअर चाकाच्या तारांत अडकतो आणि सायकल तिथेच थांबते. आपल्या मॉडेलचा एक जादा हँगर नाशिकहूनच घेऊन निघा, तिथे आयत्या वेळी मिळेल याचा भरवसा नाही.